भीमेवरचा गर्डर आणि अणूचे वजन करणारी नळी

दौंड जंक्शनवरून मनमाडच्या दिशेने सुटलेली गाडी थोड्याच वेळात भीमेवर येते. दौंड–मनमाड मार्ग १८७८ मध्ये सुरू झाला. पुलावर आल्याचे प्रवाशाला खिडकीबाहेर न बघताही कळते, कारण चाकांचा आवाज बदलतो. जमिनीवर असताना रुळांचा हादरा खडी आणि माती गिळून टाकतात. पोलादी गर्डरवर मात्र तो गर्डरमध्येच उतरतो. गर्डर किंचित लवतो, परत वर येतो, आणि गाडी गेल्यावरही काही क्षण आपल्या तालात हलत राहतो.

हा ताल गाडी ठरवत नाही, गर्डर ठरवतो. दोन टेकूंवर आडव्या ठेवलेल्या कोणत्याही तुळईला स्वतःची अशी एक नैसर्गिक वारंवारता असते, म्हणजे एका सेकंदात होणाऱ्या हेलकाव्यांची संख्या. साधारण २० मीटर गाळ्याच्या रेल्वेपुलासाठी ती ४ ते १० हर्ट्झच्या आसपास असते.

मुंबईत कुलाब्याला टाटा मूलभूत संशोधन संस्थेत अशाच तुळयांचा अभ्यास चालतो, पण त्या तुळया नॅनोमीटरमध्ये मोजायच्या असतात. एक नॅनोमीटर म्हणजे मिलिमीटरचा दहा लाखावा भाग. पुलाचा अभियंता गर्डरबद्दल जे प्रश्न विचारतो, तेच तिथेही विचारावे लागतात. उत्तरे मात्र वेगळी येतात. ती का वेगळी येतात, ते भीमेवरच्या गर्डरपासून पायरीपायरीने खाली उतरत पाहू.

तीन प्रश्न

तुळई किती वेगाने कंप पावेल हे काढायला तीन गोष्टी लागतात: ती किती लांब आहे, वाकायला किती ताठ आहे आणि दर मीटरला किती जड आहे. ताठपणाला दर मीटरच्या वस्तुमानाने भागायचे, त्याचे वर्गमूळ घ्यायचे आणि लांबीच्या वर्गाने भागायचे. शेवटी एका स्थिरांकाने गुणायचे. तो टोके कशी बसवली आहेत यावर ठरतो. नुसत्या टेकवलेल्या टोकांपेक्षा घट्ट आवळलेल्या टोकांची तुळई जवळपास सव्वादोन पट वेगाने कंप पावते.

लांबीचा वर्ग लक्षात ठेवण्याजोगा आहे. बाकी सगळे तसेच ठेवून लांबी निम्मी केली, तर वारंवारता चौपट होते. लांबी एक-दशांश केली, तर शंभरपट.

ताठपणाचेही दोन भाग आहेत. एक पदार्थाचा, म्हणजे पोलाद किंवा कार्बन ताणाला किती दाद देतो हा. दुसरा आकाराचा. वाकताना तुळईच्या मध्यरेषेजवळचे द्रव्य फारसे कामाला येत नाही, कडेचे येते. म्हणून गर्डरला वर आणि खाली रुंद पट्ट्या ठेवून मधला भाग पातळ करतात. कार्बनच्या नॅनोनळीत, म्हणजे कार्बन अणूंच्या अतिसूक्ष्म पोकळ नळीत, ही काटकसर टोकाला गेलेली असते. तिच्यात मध्ये काहीच नसते, सगळे द्रव्य परिघावर आणि तेही एका अणूच्या जाडीचे.

वीस मीटरपासून एक मायक्रॉनपर्यंत

कार्बन नॅनोनळ्यांकडे जगाचे लक्ष वेधले ते जपानच्या सुमिओ इजिमा यांच्या १९९१ मधील शोधनिबंधाने. त्या नळ्यांना एकात एक अशा अनेक भिंती होत्या. १९९३ मध्ये एकेरी भिंतीची नळीही मिळाली. कार्बन अणूंचे षटकोनी जाळे, म्हणजे ग्राफीन, गुंडाळून टोकाला टोक जोडले आहे अशी तिची रचना असते.

दीड नॅनोमीटर व्यासाची, एक मायक्रॉन लांबीची एकेरी नळी घेऊ. दोन्ही टोके घट्ट धरलेली, मधला भाग अधांतरी. तिच्यात कार्बनचे सुमारे १ लाख ८० हजार अणू असतात. त्यांचे एकूण वस्तुमान ३.६ अ‍ॅटोग्रॅम भरते. एकावर अठरा शून्ये मांडून येणाऱ्या संख्येने ग्रॅमला भागले की एक अ‍ॅटोग्रॅम मिळतो.

पदार्थ म्हणून कार्बनची ही जाळी पोलादापेक्षा सरस आहे. ताणाला तिचा विरोध पोलादाच्या सुमारे पाचपट, आणि घनता पोलादाच्या एक-तृतीयांशापेक्षाही कमी. या दोन्हींमुळे वारंवारता चारपटींहून थोडी जास्त वाढते. त्यात लांबी २० मीटरवरून एक मायक्रॉनवर, म्हणजे दोन कोटी पटींनी कमी झालेली. उलट बाजूने, ही नळी गर्डरच्या मानाने फारच किडकिडीत आहे. तिची लांबी व्यासाच्या साडेसहाशे पटींहून अधिक आहे, त्यामुळे ताठपणा घटतो. सगळा हिशेब केला की वारंवारता येते सुमारे ४१ मेगाहर्ट्झ, म्हणजे सेकंदाला चार कोटी दहा लाख हेलकावे.

तीच नळी अर्धा मायक्रॉन लांबीची घेतली तर वारंवारता १६५ मेगाहर्ट्झ होते. १०० नॅनोमीटर लांबीला ती चार गिगाहर्ट्झच्या पुढे जाते. मोबाइल फोन ज्या रेडिओलहरी वापरतात त्यांच्याच पट्ट्यात एक भौतिक वस्तू खालीवर हलत असते. या क्षेत्रात अभियंत्यांना रस वाटण्याचे हे पहिले कारण.

तुळई की तार?

इथवर पुलाचे गणित जसेच्या तसे चालले. पहिला फरक टोकांपाशी दिसतो.

पोलाद उन्हाने वाढते. २० मीटरचा गर्डर तापमान ३० अंशांनी चढले तर सुमारे सात मिलिमीटर लांबतो. त्याला ती जागा मिळावी म्हणून पुलाच्या एका टोकाला सरकते बेअरिंग बसवतात. त्यामुळे गर्डरच्या लांबीत ताण साचत नाही, आणि वारंवारता केवळ वाकण्यातल्या ताठपणावर ठरते.

नॅनोनळीला हे बेअरिंग नसते. तिची टोके धातूच्या थरांखाली दबलेली असतात. लांबी जरा बदलली तरी ताण थेट नळीत उतरतो, आणि वाकायला ती इतकी लवचीक असते की हा ताणच ठरवणारा होतो. वरच्या नळीसाठी आकडा काढला तर चकित व्हायला होते. तिच्यात १९ पिकोन्यूटन ताण असला, तरी वारंवारता सुमारे ४० टक्क्यांनी चढते. एवढा ताण यायला नळी किती ओढावी लागते? कार्बनच्या दोन शेजारी अणूंमधले अंतर ०.१४२ नॅनोमीटर आहे. त्याच्या एक-दशांशापेक्षाही कमी.

ताण आणखी वाढवला की वाकण्यातला ताठपणा हिशेबातून जवळजवळ बाहेर पडतो आणि नळी तारेसारखी वागू लागते. तारेचा नियम वेगळा आहे: वारंवारता लांबीच्या वर्गाने नव्हे, नुसत्या लांबीने भागली जाते, आणि ताणाच्या वर्गमूळाप्रमाणे चढते. उलट, नळी दोन आधारांमधल्या अंतरापेक्षा किंचित लांब असली तर ती ढिली राहते आणि तिचे वागणे तिसऱ्याच प्रकारचे होते. म्हणून नॅनोनळीचे कंपन समजून घेताना सर्वात आधी ती आत्ता तुळई आहे, ताणलेली तार आहे की ढिली दोरी आहे, हे ठरवावे लागते. एकाच नळीला या तिन्ही अवस्थांतून नेता येते.

हलवायचे कसे, ऐकायचे कसे

नळी हलते आहे हे सर्वात आधी इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली दिसले. १९९६ मध्ये ट्रेसी, एबेसन आणि गिब्सन यांनी एका टोकाला धरलेल्या बहुभिंती नळ्यांची मोकळी टोके चित्रात धूसर दिसतात हे मोजले. तापमान वाढवले की धूसरपणा वाढत होता. नळी उष्णतेनेच थरथरत होती. त्या थरथरीच्या आवाक्यावरून त्यांनी नळीचा ताठपणा काढला.

१९९९ मध्ये अमेरिकेतील जॉर्जिया टेक संस्थेत वॉल्ट डी हीर यांच्या गटाने विद्युतदाब खालीवर करून अशा नळीला हवे तेव्हा कंप पावायला लावले. कंपनाच्या वारंवारतेवरून त्यांनी नळीच्या टोकाला चिकटलेल्या कणाचे वजनही सांगितले: २२ फेम्टोग्रॅम.

आज प्रचलित असलेली मांडणी २००४ मध्ये कॉर्नेल विद्यापीठात पॉल मॅकयुएन यांच्या गटाने दाखवली. सिलिकॉनच्या चकतीवर खाच, खाचेवर आडवी नळी, तिच्या दोन टोकांना दोन इलेक्ट्रोड आणि खाली तिसरा इलेक्ट्रोड, ज्याला गेट म्हणतात. गेटवर स्थिर विद्युतदाब दिला की नळी खाली ओढली जाते. त्यातच थोडा बदलता विद्युतदाब मिसळला की ही ओढ कमीजास्त होत राहते, आणि बदलाचा वेग नळीच्या नैसर्गिक वारंवारतेशी जुळला की नळी जोरात हलते. यालाच अनुनाद म्हणतात.

स्थिर दाबाचे दुसरे कामही आहे. तो वाढवला की नळी जास्त ओढली जाते, ताण वाढतो आणि वारंवारता चढते. म्हणजे केवळ बटण फिरवून स्वर बदलता येतो. कॉर्नेलच्या नळ्यांमध्ये ३ ते २०० मेगाहर्ट्झ या पट्ट्यातली कंपने मिळाली.

ऐकणे हलवण्यापेक्षा कठीण आहे. नळीचा हेलकावा नॅनोमीटरच्या घरातला, आणि तो सेकंदाला कोट्यवधी वेळा होणारा. इथे नळीचा एक गुण कामी येतो. अर्धवाहक नळी स्वतःच ट्रान्झिस्टर असते. गेटपासूनचे तिचे अंतर बदलले की तिच्यावर जमणारा विद्युतभार बदलतो, आणि त्यासोबत तिच्यातून वाहणारा प्रवाहही. नळीचे हलणे अशा रीतीने प्रवाहात उमटते. पण मेगाहर्ट्झमधला एवढा क्षीण प्रवाह तारांमधून उपकरणापर्यंत पोचेपर्यंत हरवून जातो. म्हणून नळीवर किंचित वेगळ्या वारंवारतेचा दुसरा संकेत सोडतात. दोन्ही संकेत नळीतच मिसळतात, आणि त्यांच्या फरकाइतका, काही हजार हर्ट्झचा संथ संकेत बाहेर येतो. तो मोजणे सोपे असते.

नाद किती टिकतो

गाडीच्या चाकांवर हातोडी मारून आवाज ऐकण्याची पद्धत रेल्वेत जुनी आहे. धड चाक खणखणीत वाजते, चिरलेले बद्द आवाज देते, कारण चिरेत ऊर्जा लवकर जिरते. ऊर्जा किती सावकाश जिरते याचे माप म्हणजे गुणवत्ता गुणांक. हा गुणांक १०० असेल, तर शंभर हेलकाव्यांनंतर कंपनाचा आवाका मूळच्या सुमारे ४ टक्क्यांवर येतो. तो एक लाख असेल, तर तेवढेच व्हायला एक लाख हेलकावे लागतात.

२००४ मधल्या नळ्यांचा गुणांक सामान्य तापमानाला, निर्वातात, ४० ते २०० एवढाच होता. इतकी निर्दोष वस्तू आणि नाद इतका थोडका, हे कोडे होते. त्याचा उलगडा करताना उष्णतेचा हिशेब पुन्हा करावा लागतो. आपली एक मायक्रॉनची नळी इतकी लवचीक आहे की सामान्य तापमानाच्या उष्णतेनेच तिच्या मध्यभागी सहा-सात नॅनोमीटर हेलकावा अपेक्षित आहे. म्हणजे स्वतःच्या व्यासाच्या चौपट. गर्डर उष्णतेने असा हलत नाही. नळी मात्र सतत अनेक प्रकारे वळवळत असते, प्रत्येक वळवळीने तिच्यातला ताण बदलतो आणि ताणाबरोबर वारंवारताही सरकत राहते. मोजणाऱ्याला मग एका टोकदार शिखराऐवजी पसरट टेकडी दिसते. २०१२ मध्ये मॅकयुएन यांच्याच गटाने हे स्पष्टीकरण मांडले. ऊर्जा लवकर जिरते असे नाही, स्वरच एका जागी थांबत नाही.

त्यामुळे थंड करण्याने मोठा फरक पडतो. २००९ मध्ये नेदरलँड्समधील डेल्फ्ट येथे, निरपेक्ष शून्याजवळ, गुणांक एक लाखाच्या वर गेला. २०१४ मध्ये बार्सिलोनात तो ५० लाखांपर्यंत पोचला.

अणूचे वजन

गाडी पुलावर उभी राहिली की पुलाची वारंवारता उतरते, कारण हलवायचे वस्तुमान वाढलेले असते. किती उतरली हे अचूक मोजता आले, तर त्यावरून गाडीचे वजन सांगता येईल. रेल्वेला त्याची गरज नाही, कारण तिच्याकडे वजनकाटे आहेत. अणूसाठी मात्र वजनकाटा नाही, आणि तिथे हीच युक्ती लागू पडते.

आपल्या ४१ मेगाहर्ट्झच्या नळीच्या बरोबर मध्यावर झेनॉनचा एक अणू येऊन बसला असे धरू. तो कार्बनच्या जवळपास ११ अणूंइतका जड. १ लाख ८० हजारांमध्ये ११ ची भर म्हणजे काहीच नाही असे वाटेल. पण हिशेबाने वारंवारता सुमारे तीन हजार हर्ट्झने उतरते. गुणांक १०० असेल तर शिखराची रुंदीच चार लाख हर्ट्झ असते, त्यात तीन हजारांचा फरक दिसणार नाही. गुणांक एक लाख असेल तर रुंदी ४१० हर्ट्झ, आणि अणू आल्याचे स्वच्छ कळते. गुणवत्ता गुणांकासाठी एवढी धडपड चालते ती यासाठी.

अणू कुठे बसला हेही महत्त्वाचे. मध्यावरचा अणू सर्वात जास्त परिणाम करतो, टोकाशी बसलेला जवळपास नाहीच. मग हलका अणू मध्यावर आहे की जड अणू कडेला, हे कसे ओळखायचे? त्यासाठी कंपनाचा दुसरा प्रकार वापरतात, ज्यात नळीचे दोन अर्धे भाग विरुद्ध दिशांना हलतात आणि मध्यबिंदू स्थिर राहतो. दोन्ही प्रकारांत वारंवारता किती उतरली याची तुलना केली की वजन आणि जागा दोन्ही हाती लागतात.

२०१२ मध्ये बार्सिलोनात एड्रियन बाख्टोल्ड यांच्या गटाने सुमारे १५० नॅनोमीटर लांबीच्या, जवळपास दोन गिगाहर्ट्झने कंप पावणाऱ्या नळीवर १.७ योक्टोग्रॅमपर्यंतचा फरक ओळखता येतो हे दाखवले. प्रोटॉनचे वस्तुमान साधारण एवढेच असते.

सूत्र कुठे थकते

गर्डरचे सूत्र पदार्थ अखंड आहे असे मानते. नळी तर अणूंची बनलेली आहे. तरीही एक मायक्रॉनच्या नळीला ते सूत्र चालते, कारण कंपनाचा बाक सूक्ष्म अंतरांच्या मानाने फार लांबलचक असतो. लांबी २०-३० नॅनोमीटरवर आली की शंका घ्यावी लागते.

यासाठी अनेक संशोधक एरिंजेन यांचा सिद्धांत वापरतात. १९८० च्या दशकात तो आजच्या रूपाला आला. त्याचे म्हणणे असे की एखाद्या बिंदूवरचा ताण फक्त त्या बिंदूवरच्या विकृतीवर ठरत नाही, आसपासच्या छोट्या परिसराचाही त्यात वाटा असतो. त्या परिसराचे माप एक-दोन नॅनोमीटर धरले, तर २० नॅनोमीटरच्या नळीची वारंवारता जुन्या सूत्रापेक्षा काही टक्क्यांनी कमी येते. एक मायक्रॉनच्या नळीत हाच फरक नगण्य ठरतो. कागदावरच्या या दुरुस्तीवर पुष्कळ लेखन झाले आहे. पण प्रत्यक्ष प्रयोगात ताण आणि ढिलेपणा यांचा प्रभाव तिच्यापेक्षा कितीतरी मोठा असतो.

कुलाब्यातले काम

टाटा मूलभूत संशोधन संस्थेतील मंदार देशमुख यांचा गट गेली अनेक वर्षे अशा कंपकांवर काम करतो. देशमुख यांना २०१५ मध्ये भौतिकशास्त्रासाठी शांतिस्वरूप भटनागर पुरस्कार मिळाला.

२०१० मध्ये या गटाने इंडियम आर्सेनाइडच्या सुमारे १०० नॅनोमीटर जाडीच्या तारांवरील प्रयोग प्रसिद्ध केले. गेटवरचा दाब वाढवत नेला की वारंवारता सरळ चढत नाही, तिची वाट वळणाची असते. याचे कारण दोन ओढींच्या रस्सीखेचीत आहे. तार गेटच्या जवळ गेली की विद्युत ओढ वाढते, आणि तिच्यामुळे तार जणू मऊ होते. दुसरीकडे तार ताणली जाते आणि ताठ होते. कोणत्या दाबाला कोण वरचढ ठरते, त्यावर वारंवारता उतरते किंवा चढते. जोराने हलवले तर आणखी एक गोष्ट घडते: वारंवारता वाढवत नेताना मिळणारा आलेख आणि कमी करत आणताना मिळणारा आलेख एकमेकांवर बसत नाहीत. हेलकावाच ताण वाढवतो, म्हणून असे होते.

त्याच वर्षी विभोर सिंग, देशमुख आणि सहकाऱ्यांनी ग्राफीनचा ताणलेला पडदा ३०० केल्विनपासून ३० केल्विनपर्यंत थंड करत त्याची वारंवारता मोजली. वारंवारतेवरून ताण, आणि ताणावरून प्रसरण काढले. या संपूर्ण पट्ट्यात ग्राफीनचे औष्णिक प्रसरण ऋण असते, म्हणजे ते तापल्यावर आकसते, असा निष्कर्ष निघाला. गर्डरच्या टोकाला बेअरिंग देऊन अभियंता जो ताण टाळतो, तोच इथे मोजमापाचे साधन झाला. २०१६ मध्ये याच गटाने ग्राफीनच्या ढोलाच्या दोन कंपनप्रकारांना एकमेकांशी हवे तसे जोडून दाखवले.

बाजारात कधी?

शिरूर तालुक्यात रांजणगावच्या औद्योगिक वसाहतीत इलेक्ट्रॉनिक उपकरणे तयार होतात. अशा उपकरणांच्या सर्किटला ताल देण्यासाठी बहुधा क्वार्ट्झचा स्फटिक वापरतात. मनगटी घड्याळातला स्फटिक सेकंदाला ३२,७६८ वेळा कंप पावतो. मोबाइलमध्ये हवी ती रेडिओलहर वेगळी करण्यासाठीही कंप पावणारे सूक्ष्म फिल्टर असतात. म्हणजे यांत्रिक कंपन इलेक्ट्रॉनिक्समध्ये आधीच आहे. नॅनोनळी मात्र तिथे पोचलेली नाही.

अडचण वर आलेल्या आकड्यांतच आहे. अणूअणूंमधल्या अंतराच्या एक-दशांशाइतक्या ओढीने वारंवारता ४० टक्के बदलत असेल, तर दोन नळ्या एकसारख्या बनवायच्या कशा? व्यास, ताण, टोकांची पकड यांत कुठेही बारीक फरक पडला की स्वर वेगळा होतो. घड्याळासाठी लाखो नग एकाच वारंवारतेचे लागतात, म्हणून तिथे क्वार्ट्झला इतक्यात आव्हान नाही. वजनकाट्याची गोष्ट निराळी आहे. प्रत्येक नळीची मूळ वारंवारता आधी मोजून ठेवता येते, आणि नंतर फक्त ती किती उतरली एवढेच बघायचे असते. त्यामुळे ही नळी प्रयोगशाळेबाहेर पडलीच, तर घड्याळात दिसण्याआधी ती रेणू तोलणाऱ्या उपकरणात दिसण्याची शक्यता अधिक आहे.